तान्ह्या बाळाची दुपारची झोप : एक इतिहास

एखाद्या घरातले तान्हे मूल दुपारी बारा वाजता कोठे आणि कसे झोपले आहे, एवढे मला सांगा. त्या घरातली बाई कोणते काम करते, घरात म्हातारे माणूस आहे की नाही, आणि थोरली मुलगी शाळेत जाते की नाही, याचा बराचसा अंदाज आपल्याला बसल्या जागी बांधता येईल. मूल माळवदाच्या घरात तुळईला बांधलेल्या पाळण्यात असेल, तर शेजारी आजी बसलेली असेल. कापसाच्या शेतात बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी असेल, तर आई वेचणीला असेल. आणि झोळीची दोरी आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात असेल, तर मास्तरांनी हजेरीपट काढून पाहावा. त्या पोरीच्या नावापुढे गैरहजेरी सापडेल.

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण बाळाच्या दुपारच्या झोपेलाही इतिहास आहे, आणि तो आपल्या कामाचा इतिहास आहे. म्हणून या पानांत तो थोडक्यात सांगावा असे योजले आहे.

आधी जुन्या वैद्यांकडे वळू. आयुर्वेदात दिवसा झोपणे एरवी चांगले मानलेले नाही. उन्हाळ्याचा काय तो अपवाद. पण चरकसंहितेने ज्यांना दिवसाच्या झोपेची मोकळीक दिली, त्यांत म्हातारे, दुबळे, वाटचालीने आणि ओझ्याने थकलेले यांच्याबरोबर लहान मुलेही आहेत. म्हणजे मुलाची दुपारची झोप हा आळस नव्हे, ती त्याची गरज आहे, हे त्या काळीही ओळखलेले होते. सुश्रुताने तर मुलाला एकदम जागे करू नये असे बजावले आहे, कारण ते दचकते. त्याला दरडावू नये, झटक्याने उचलू नये, हेही त्याच ठिकाणी आले आहे. चरकाने बाळाचे अंथरूण मऊ, हलके आणि स्वच्छ असावे असे म्हटले. घामाने मळलेले किंवा उवा झालेले टाकून द्यावे, आणि दुसरे नसेल तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, वाळवून घ्यावे असेही सांगितले. गरिबाच्या घरात दुसरे अंथरूण नसते, हे या शास्त्रकाराला ठाऊक होते! रडणाऱ्या मुलाला राक्षसाची, भुताची भीती घालू नये, हेही त्याचेच सांगणे. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

आता ग्रंथांतून घरात येऊ. आमच्या धर्माबादच्या पट्ट्यात अलीकडे मराठी आणि पलीकडे बासरच्या बाजूला तेलुगू. बाजारात दोन्ही, शिवाय उर्दू. त्यामुळे एकाच गल्लीत एका घरातून अंगाई ऐकू येते, दुसऱ्यातून तेलुगू जोला, तिसऱ्यातून लोरी. शब्द निराळे, पण चाल संथ आणि झोक्याच्या लयीत. बारशाला बाळ पाळण्यात घालतात तो एक दिवसाचा सोहळा. खरे काम त्यानंतर सुरू होते. सकाळी तेल लावायचे, रगडायचे, ऊन पाण्याने न्हाऊ घालायचे, दुपट्यात गुंडाळायचे, पाजायचे आणि झोका द्यायचा. रोज तेच आणि त्याच क्रमाने. आजीने हातात घड्याळ घेतले नाही. पण तेलाची वाटी पुढे आली की बाळाला कळायचे, आता न्हाणे, मग दूध, मग झोप. या क्रमालाच आजच्या भाषेत वेळापत्रक लावणे म्हणतात. आजीचे वेळापत्रक घड्याळाचे नव्हते, क्रमाचे होते. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

हा क्रम चालायला एक अट होती. दुपारी घरात कोणीतरी मोकळे माणूस पाहिजे. ती अट मोडली आणि गोष्टीला निराळे वळण लागले.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी १८५४ साली उभी राहू लागली. पुढच्या काही दशकांत कोकणातून, घाटावरून हजारो बायका गिरण्यांत कामाला आल्या. शेतातली बाई झाडाखालच्या झोळीकडे अधूनमधून वळून पाहू शकत होती. गिरणीचा भोंगा मात्र बाळाच्या रडण्यासाठी थांबत नसे. १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि मध्ये दीड तासाची सुटी दिली. म्हणजे कायद्याने सुधारणा झाल्यावरसुद्धा अकरा तास! चाळीतल्या एका खोलीत तान्हे मूल ठेवून आई गेली, शेजारीण किंवा थोरले भावंड सांभाळणार. आणि मूल झोपेचना, तर काय करायचे?

त्यावरचा उपाय दुकानात विकत मिळत होता. त्याचे नाव बाळगोळी. तिच्यात अफू असे. सकाळी कामाला जाताना एक गोळी चाटवली की मूल तासन्‌तास निपचित पडून राही. १९२२ साली मुंबईच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी केलेली गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी छापून आली. त्यात अशा स्त्रियांच्या १०० मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते असे नमूद होते. आकडा पुन्हा वाचा. शंभरात अठ्ठ्याण्णव. ही काही एखाद्या निष्काळजी आईची गोष्ट नव्हती. सगळ्या वस्तीची रीत होती.

अफूने येणारी झोप ही झोपच नव्हे. खरी झोप मुलाला वाढवते. अफूची गुंगी त्याची भूक मारते, पोट बांधते आणि श्वास मंद करते. भूक लागलेले मूल रडत नाही, म्हणून कोणी पाजत नाही; न पाजल्याने ते वाळते; वाळलेल्या मुलाला कालचीच मात्रा जड होते. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ बालके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद गावाकडे आणि मृत्यूची मुंबईत, असा घोळ या आकड्यात आहे. मृत्यूची कारणेही अनेक होती : कोंदट खोल्या, घाण पाणी, साथी. सगळा दोष अफूच्या माथी मारता येणार नाही. पण त्या खोल्यांतून झोपलेली सगळीच बाळे उठत नव्हती, हे खरे.

‘अडाणी बायका, दुसरे काय!’ असे म्हणून कोणी मोकळे होऊ पाहील, तर त्याला इंग्लंड-अमेरिकेत नेले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणीगावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूचे गोड औषध मुलांना सर्रास पाजले जाई. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ १८४९ पासून विकले जात होते. त्यात मॉर्फीन होते, आणि जाहिरातीत मात्र प्रसन्न आई व गोजिरवाणे मूल. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर आतल्या घातक द्रव्याचे नाव छापणे भाग पडले, तेव्हा आयांना कळले की आपण काय पाजत होतो. शिकलेल्या देशांतही तेच घडले, कारण कारण तेच होते. आईचा वेळ विकला गेला होता आणि बाळाच्या झोपेची जबाबदारी घ्यायला कोणी उरले नव्हते.

आपल्याकडे मग कायद्याची चाके हळूहळू फिरू लागली. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात तसेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा बराचसा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला; हिंदुस्थानातला या प्रकारचा तो पहिला. १९३१ साली रॉयल कमिशनने कामगारांविषयीचा आपला अहवाल दिला. त्यात मुलांना अफू देण्याच्या चालीची दखल आहे, आणि कारखान्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारसही आहे. १९३४ च्या कायद्याने, जेथे पन्नासांहून जास्त बायका काम करतात तेथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली राखण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने अशी पाळणाघरे सक्तीची केली आणि १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासाचा आकडा तीसवर आणला.

पण वाचकहो, कारखान्याला फाटक असते, हजेरी असते, तपासणीला साहेब येतो. शेताला फाटक नसते. मिरचीची देठे खुडणाऱ्या बाईचे नाव कोणत्या रजिस्टरात असते? आपले धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. मिरचीच्या ढिगाशेजारी थोरामोठ्यांना ठसका लागतो. तेथे तान्हे मूल निजवणार तरी कसे? मग ते घरी राहते, आणि त्याच्यापायी थोरली बहीणही घरी राहते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे हाल याहून वेगळे. कोपीपुढे झोळी, फडात आई, आणि दोरी पुन्हा पोरीच्या हातात.

ही गाठ ज्यांनी नेमकी ओळखली त्या दोन मराठी बायका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, यातून त्यांची ‘अंगणवाडी’ निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. आणि वारली वस्तीतल्या मुली शाळेला का येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांना कडेवरचे भावंड दिसले. मुलीला शाळेत आणायचे तर भावंडालाही आणले पाहिजे! म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडून त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली. धाकटे पाळण्यात झोपते, मधले बालवाडीत खेळते आणि थोरली पलीकडे बाराखडी गिरवते. शाळेच्या हजेरीचा प्रश्न पाळणा बांधून सुटतो, ही शिक्षणाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. ती कोसबाडच्या टेकडीवर, अगदी कमी साधनांनी घडली.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव गेला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचे काम हाती घेतले, त्याचा कायदा १९७७ साली झाला. खडी फोडणाऱ्या बायकांची तान्ही मुले कामाच्या जागीच असत, म्हणून तेथे त्यांच्या सावलीची आणि सांभाळाची सोय हा प्रश्न पुढे आला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात तर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले कामावर आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करावी आणि तिला मजुरी द्यावी अशी तरतूद होती. मूल निजवणे हे मजुरीचे काम आहे, असे कायद्याने म्हटले! पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामाला कोणी काम म्हटले नाही, त्याला दाम ठरला. तरतूद कागदावर किती राहिली आणि कामावर किती उतरली, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते आठवून पाहावे.

आता थोडे शास्त्राकडे. पाश्चात्त्य देशांत घड्याळ घरात शिरले, तसे ते पाळण्यातही शिरले. १८९४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. होल्ट यांनी आयांसाठी पुस्तक लिहिले. न्यूझीलंडमध्ये १९०७ पासून डॉ. ट्रुबी किंग यांची चळवळ चालली. ठरल्या तासाला पाजा, ठरल्या तासाला निजवा, मध्ये रडले तरी उचलू नका, असा त्यांचा कडक शिरस्ता. १९४६ साली डॉ. स्पॉक यांनी आयांना धीर दिला की, बाईंनो, तुम्हाला वाटते त्याहून जास्त तुम्हाला कळते; मुलाकडे पाहा. १९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲझरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या अवस्थेचा शोध जाहीर केला. तान्ह्या मुलाच्या झोपेतला मोठा भाग याच अवस्थेत जातो. म्हणून झोपेत बाळ हसते, ओठ हलवते, चुळबुळ करते. ‘सटवाई हसवते’ असे आपल्याकडे म्हणतात ते हेच. तेव्हा जरा हालचाल दिसली की लगेच उचलू नये. ते झोपलेलेच असते.

या सगळ्यातून घरी काय घ्यायचे? शिक्षकांनी माता-पालकांच्या बैठकीत सांगावे असे मोजकेच सांगतो.

पहिले दोन-तीन महिने बाळाला दिवस आणि रात्र कळत नाही. या दिवसांत वेळापत्रकाचा हट्ट नको. फक्त दिवसा त्याला उजेडात, घरच्या बोलण्याचालण्यात ठेवावे. रात्री दिवा मंद आणि बोलणे कमी. चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेला आपोआप वळण लागू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितल्याप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास झोप हवी. यात दिवसाची झोप धरलेली आहे. दिवसाच्या तीन-चार झोपांच्या पहिल्या वर्षात हळूहळू दोन होतात, आणि दीड वर्षाच्या आगेमागे दुपारची एकच उरते. प्रत्येक मूल थोडे निराळे असते. शेजारणीच्या मुलाशी तुलना करून जीव काढू नये.

झोप आली की बाळ खुणा करते. डोळे चोळते, जांभई देते, कान ओढते, तोंड फिरवते. त्या वेळी निजवले तर लवकर झोपते. खूण चुकवली की ते किरकिरे होते आणि मग झोका देऊन देऊन हात भरून येतात. निजवण्याआधी रोज तोच क्रम ठेवावा : पाजणे, बाळुते बदलणे, खिडकीवर पडदा ओढणे, एक अंगाई, आणि पाळणा. रोज घड्याळात बारा पाचच झाले पाहिजेत असे नाही. क्रम पक्का असावा, घड्याळ थोडे सैल चालते. आजीचे हेच तर सांगणे होते.

बाळाला उताणे निजवावे. अंथरूण सपाट, फार मऊ नसलेले असावे. तोंडावर पदर, दुपटे, उशी येऊ देऊ नये. झोळीत बाळाची मान दुमडून हनुवटी छातीला टेकते, आणि कापड नाकातोंडावर येऊ शकते. म्हणून झोळीत झोप लागली की त्याला सपाट जागी काढून ठेवणे बरे, आणि झोळीपाशी मोठे माणूस असलेच पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बाळाला गुंडाळून निजवू नये. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. मूल शांत पडावे म्हणून खोकल्याचे किंवा गुंगीचे औषध पाजणे ही जुनी बाळगोळीच आहे, फक्त बाटली नवी. डॉक्टरांनी दिल्याशिवाय असले काही तान्ह्याच्या ओठाला लावू नये.

एवढे झाले म्हणजे काम संपले का? नाही. क्रम पाळायला घरात माणूस हवे, हे आपण सुरुवातीलाच पाहिले. ‘झोपेचे वळण लावा’ असे मजुरीवर जाणाऱ्या बाईला नुसते सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सांगितले; पण दहा बायकांच्या मिरचीच्या खळ्याला ते लागू झाले नाही. २०२२ पासून केंद्राने ‘पाळणा’ नावाने पाळणाघरांची योजना आखली आणि अंगणवाडीला जोडून दिवसभराचे पाळणाघर चालवण्याची वाट त्यात दाखवली. ग्रामसभेत गटार, रस्ता, दिवे यांचे ठराव होतात. आपल्या गावात तीन वर्षांखालची किती मुले दुपारी सांभाळणाऱ्या मोठ्या माणसावाचून असतात, याची यादी शिक्षक आणि अंगणवाडीताई मिळून एका आठवड्यात करू शकतील. ती यादी ग्रामसभेपुढे ठेवा आणि पाळणाघराची मागणी ठरावात लिहून घ्या. खर्चाचा प्रश्न निघेल. तेव्हा हजेरीपट पुढे करा, आणि कोणत्या मुली कोणत्या महिन्यांत गैरहजर होत्या, ते वाचून दाखवा. कापूस वेचणीचे आणि मिरचीच्या हंगामाचे महिने त्यांत बरोबर उमटलेले असतील.

बाळ दुपारी दोन तास स्वस्थ झोपले, तर बाळ वाढते. त्याच्या झोळीची दोरी मोठ्या माणसाच्या हाती आली, तर त्याची बहीणही वाढते.